कात्री खाली ठेवल्यावर: द्राक्ष पॅकहाऊसमधल्या एका सुपरवायझरचे एकवीस दिवस

कंटेनर भरण्याआधी निर्यातदाराचा तपासनीस त्या लॉटमधल्या वीस पेट्या उघडतो. इथे वीसपैकी तीन पेट्यांत फुटलेले मणी निघाले आणि लोडिंग थांबलं. दुपारचे साडेचार वाजले होते. लाईनवरच्या छत्तीस जणी घरी जायच्या तयारीत होत्या. त्यांना रात्री अकरापर्यंत थांबवून त्या लॉटच्या १,००० पेट्या परत तपासाव्या लागल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सुरगाण्याकडून येणारी पिकअप आलीच नाही. छत्तीसातल्या नऊ जणी एकदम कमी झाल्या, आणि सुपरवायझर कात्री घेऊन एका रिकाम्या टेबलावर स्वतः घड साफ करायला बसली.

नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी-निफाड पट्ट्यातल्या पॅकहाऊसमध्ये हंगामात पुन्हा पुन्हा उभे राहणारे प्रसंग एकत्र करून हे प्रकरण बांधलं आहे. ते कुठल्या एका पॅकहाऊसचं नाही. लाईनचं माप, चुकांचे आकडे आणि माणसं समजावून सांगण्यासाठी धरलेली आहेत. कामाची रीत मात्र धंद्यातली आहे. पहिल्यांदाच दहा-वीस माणसांची जबाबदारी अंगावर आलेल्या कुणालाही, मग तो बागेतला मुकादम असो, अंबडच्या कारखान्यातला शिफ्ट सुपरवायझर असो की गणेश मंडळाचा कार्यकर्ता, यातलं बरंचसं ओळखीचं वाटेल.

लाईन आणि तिचं गणित

माल सकाळी ऊन चढायच्या आत खुडला जातो आणि क्रेटमधून पॅकहाऊसला येतो. लाईनवर आठ टेबलं. प्रत्येक टेबलावर तिघी घड साफ करतात आणि चौथी वजन करून पनेट, म्हणजे विक्रीचा छोटा डबा, भरते. उरलेल्या चौघी क्रेट पुरवणं, पेटी बांधणं, स्टिकर लावणं ही कामं बघतात. साफसफाई म्हणजे घड देठाला धरायचा, मण्याला बोट लावायचं नाही, आणि लांब निमुळत्या टोकाच्या कात्रीने बारीक, सडका, तडा गेलेला, रंग उतरलेला मणी काढायचा. बोट लागलं की मण्यावरचा पांढरा मेणाचा थर पुसला जातो आणि माल शिळा दिसतो. कात्रीचं टोक शेजारच्या मण्याला लागलं तर केसाएवढी चीर पडते. ती त्या वेळी दिसतही नाही.

पाचशे ग्रॅमचा एक पनेट, दहा पनेटची पाच किलोची पेटी. प्रवासात देठ सुकतो, वजन घटतं, म्हणून पनेट ५१० ते ५१५ ग्रॅमपर्यंत भरतात. दिवसाला पाच टन म्हणजे १,००० पेट्या, १०,००० पनेट. चाळीस फुटी कंटेनरमध्ये अशा सुमारे २,५०० पेट्या बसतात, म्हणजे या लाईनचं अडीच दिवसांचं काम. भरलेली पेटी प्रीकूलिंगला जाते. तिथे सहा-आठ तासांत मण्याच्या आतलं तापमान चार अंशांखाली आणायचं, मग सल्फर डायऑक्साईड सोडणारा पॅड घालून शून्य अंशाच्या आसपास साठवायचं. पुढे कसारा घाट उतरून न्हावाशेवा बंदर, आणि तिथून काही आठवड्यांचा समुद्रप्रवास.

त्या केसाएवढ्या चिरेतून रस पाझरतो, ओल धरते, बुरशी येते आणि शेजारचे मणी बिघडतात. टेबलावर ती चूक दोन सेकंदांत निस्तरता येते. प्रीकूलिंगनंतर तीच पेटी उघडायची तर थंड मालावर लगेच दव धरतं. ओल मिळाली की पॅडमधला वायू भसकन सुटतो आणि मणी देठाजवळ पांढरे पडतात. म्हणूनच त्या रात्री फेरतपासणी हॉलमध्ये करता आली नाही. कोल्ड स्टोरेजच्या बाहेरच्या थंड खोलीत, स्वेटर आणि टॉवेल गुंडाळून बायका साडेसहा तास उभ्या होत्या. आणि युरोपात पोचल्यावर ती चीर सापडली, तर नुसते खराब मणी काढून भागत नाही, अख्ख्या कंटेनरच्या भावावर बोलणी सुरू होतात.

चूक सापडायला जितका उशीर, तितकी ती महाग, हे नाशिकच्या द्राक्षवाल्यांना २०१० सालापासून चांगलं माहीत आहे. त्या वर्षी क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढनियंत्रकाचे अंश युरोपात पोचलेल्या मालात सापडले. इथल्या बागांमध्ये ते सर्रास वापरलं जात होतं आणि इथल्या तपासणीच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. माल परक्या बंदरात अडकला तेव्हा शेतकऱ्याला कळलं. लाईनवरच्या बाईचं तेच होत होतं, फक्त माप लहान.

चांगली कात्री, म्हणून सुपरवायझर

ही सुपरवायझर सहा हंगाम टेबल दोनवर होती. तिचा घड सगळ्यांत स्वच्छ आणि हात सगळ्यांत चपळ. आधीचा सुपरवायझर गेला, तेव्हा शेठनी तिला बोलावून सांगितलं, उद्यापासून लाईन तू बघ. प्रशिक्षण नाही, कामाची यादी नाही, पगारात थोडी वाढ. गावोगाव असंच होतं, आणि निवड चुकीचीही नव्हती. हात ज्याचा बसलेला असतो त्याला माल कळतो, आणि माल न कळणाऱ्याचं लाईन ऐकत नाही.

अडचण पुढे आली. तिने जे येत होतं तेच जास्त जोरात करायला घेतलं. लाईनच्या शेवटी उभी राहून ती पेट्या उघडायची, खराब पनेट स्वतः साफ करून परत भरायची. दिवसाला चाळीस-पन्नास पेट्या. जेवायची सुटी नाही. संध्याकाळी थकून सगळ्यांना एकत्र बोलायची, "तुमचं लक्ष कुठे असतं?"

यातून काय घडतं ते नीट बघायला हवं, कारण बाहेरून हे फार कष्टाळू दिसतं. जिने चूक केली तिला ती कधी दिसतच नाही. शेवटच्या टोकाला कुणीतरी पुसून टाकतं. थोड्या दिवसांत टेबलांवर वाक्य रुळतं, "असू दे, ताई बघून घेतील." संध्याकाळचं बोलणं सगळ्यांना मिळून असल्यामुळे नीट काम करणारीला ते लागतं, आणि हयगय करणारी ते आपल्यासाठी नाहीच असं समजते. शिवाय तिचं जुनं टेबल दोन. क्रेट पुरवणारी मुलगी तिथे नकळत चांगला माल आधी द्यायची. सुपरवायझरने तसं कधी सांगितलं नव्हतं, पण थांबवलंही नव्हतं. बाकी सात टेबलांना ते रोज दिसत होतं.

आणि पेट्यांवर टेबलाचा नंबर नव्हता. प्लॉटचा नोंदणी क्रमांक होता, कारण अपेडा या केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट या नोंदणी व्यवस्थेत त्याशिवाय माल जात नाही. म्हणजे पेटी उघडली की बाग सापडत होती, टेबल सापडत नव्हतं. तो एक पेन्सिलीचा आकडा असता, तर त्या रात्री चूक ज्या टेबलांवर निघाली तेवढ्याच पेट्या उघडाव्या लागल्या असत्या. एका टेबलाच्या दिवसाला १२५.

दोन तास फक्त बघणं

पहिल्या दिवशी तिने सर्वांत अवघड गोष्ट केली. कात्री ड्रॉवरमध्ये ठेवली आणि वही घेऊन दोन तास फिरली. प्रत्येक टेबलावरचे वीस पनेट बघायचे, चूक दिसली तर लिहायची, तिथल्या तिथे दुरुस्त करायची नाही, कुणाला बोलायचं नाही. ज्याचा हात बसलेला असतो त्याला हे अक्षरशः सोसवत नाही. समोर तडा गेलेला मणी दिसतोय आणि हात मागे बांधायचे. पण ज्या क्षणी सुपरवायझर घड हातात घेते, त्या क्षणी ती बाकीची लाईन बघायची थांबते. (हे पनेट नंतर बाजूला काढून त्या त्या टेबलाकडेच परत दिले, हे सांगायला हवं.)

एकशे साठ पनेटमध्ये तेवीस चुका निघाल्या. नऊ वजनाच्या, म्हणजे ५०५ ते ५२५ ग्रॅमच्या बाहेर. सात कात्रीच्या चिरेच्या. चार सुटे मणी, दोन गुलाबी मणी, एक सुकलेला देठ. इथपर्यंत नेहमीचंच. पण वहीत टेबलाचा नंबरही लिहिला होता, आणि वजनाच्या नऊपैकी सात चुका तीन आणि सहा नंबरच्या टेबलांवर होत्या. तिथल्या काट्यांच्या ताटलीखाली द्राक्षाचा रस साचून चिकटला होता आणि शून्यावर ठेवलेला काटा दर तासाला पाच-सहा ग्रॅम सरकत होता. कात्रीच्या सातपैकी पाच चुका चार जणींच्या होत्या. त्या चौघींच्या कात्र्यांची टोकं झिजून बोथट झाली होती. बोथट कात्री देठ कापत नाही, ओढते, आणि ओढताना टोक बाजूच्या मण्यात घुसतं.

तेवीसपैकी बारा चुका काट्याच्या आणि कात्रीच्या. म्हणजे महिनाभर ज्या बायका लक्ष नाही म्हणून ऐकून घेत होत्या, त्यातल्या निम्म्याहून जास्त चुका लक्षाच्या नव्हत्याच.

दोन्ही दुरुस्त्यांना मिळून अर्धा दिवस लागला. ओल्या फडक्याने ताटली पुसून दर तासाला काटा शून्य करायचा आणि पाचशे ग्रॅमचं वजन ठेवून ताळा घ्यायचा, हे काम वजन करणारीचं ठरलं. कात्र्या पंधरा दिवसांतून एकदा धार लावायला जात होत्या, त्या आता दर तिसऱ्या दिवशी जाऊ लागल्या. सहा जादा कात्र्या ठेवल्या, म्हणजे बोथट झाली तर बाईला सुपरवायझरची वाट बघत बसावं लागत नाही.

माफी, आणि तिच्यातला "पण"

दुसऱ्या दिवशी काम सुरू होण्याआधी ती लाईनसमोर उभी राहिली. काय बोलायचं ते तिने लिहून आणलं होतं, चार वाक्यं. "परवा रात्री मी आवाज चढवला. तीन आणि सहा नंबरचा काटा चुकत होता आणि चार कात्र्या बोथट होत्या. हे बघणं माझं काम होतं, मी बघितलं नाही. काटे आणि कात्र्या आज नीट आहेत."

अशी माफी बहुतेक वेळा पाचव्या वाक्यात फसते. "पण तुम्हीही जरा लक्ष द्या" असं जोडलं की आधीची चार वाक्यं वाया जातात. ऐकणाऱ्याच्या मनात फक्त "पण" नंतरचं राहतं. लक्ष द्यायचं असेल तर ते दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या वाक्यात सांगता येतं. माफी मागितल्याने वचक जातो असं मुकादम मंडळींमध्ये पक्कं मानलं जातं. वचक जातो हे खरंच आहे. पण वचकाने चालणाऱ्या टेबलावर खराब मणी पनेटच्या तळाशी जातो, कारण वरचेच तपासले जातात हे सगळ्यांना ठाऊक असतं.

न आलेल्या नऊ जणींसाठी तिने मुकादमाला फोन केला नाही. रविवारी ती स्वतः पाड्यावर गेली. त्या रात्रीच्या साडेसहा तासांचे पैसे नक्की मिळतील का, एवढाच त्यांचा प्रश्न होता. पेटीवर दर असल्यामुळे परत उघडलेल्या पेटीला वेगळा दर नव्हता, आणि शेठनी त्यावर काही म्हटलं नव्हतं. ती "बघते" म्हणाली नाही. "बुधवारपर्यंत विचारून सांगते, नाही झालं तरी येऊन सांगते," असं म्हणाली. सात जणी परत आल्या. दोघी आल्या नाहीत; त्या दुसऱ्या पॅकहाऊसला लागल्या होत्या.

शेठशी बोलणी

वर बोलता न येणारा सुपरवायझर खाली कितीही चांगला वागला तरी अर्धाच उरतो. लाईनवरच्या माणसांना हे सुपरवायझरच्या आधी कळतं.

तिने केबिनमध्ये दोन आकडे नेले. एक, सरासरी पनेट ५१७ ग्रॅमचा भरला जात होता आणि ५१२ पुरेसे होते. पाच ग्रॅम म्हणजे काहीच नाही असं वाटतं. दिवसाच्या १०,००० पनेटवर ते पन्नास किलो होतात, दहा पेट्या माल रोज फुकट. साठ दिवसांच्या हंगामात तीन टन. दुसरा आकडा त्या रात्रीचा: छत्तीस माणसं गुणिले साडेसहा तास, म्हणजे २३४ तास, ज्यातून एकही नवी पेटी निघाली नाही.

शेठचं म्हणणं होतं, ऐन हंगाम चालू आहे, आत्ता प्रयोग नको. या आक्षेपात तथ्य आहे, तो झटकून टाकण्यासारखा नाही. म्हणून तिने मोठी परवानगी मागितलीच नाही. चार दिवस, दोन टेबलं, आणि तीन गोष्टी: पेटीवर टेबलाचा नंबर, रात्रीच्या तासांचे रोजंदारीच्या हिशेबाने पैसे, आणि लाईन थांबली तर थांबलेल्या वेळेचा त्या दिवसाच्या सरासरीने मोबदला. तिसऱ्या गोष्टीवर बराच वेळ गेला. शेठना उलट हवं होतं, चुकलेल्या पेटीचे पैसे कापायचे. तिने दिलेलं उत्तर सगळ्या हिशेबांपेक्षा उपयोगी पडलं: पैसे कापले तर चुका कमी होणार नाहीत, दिसायच्या बंद होतील, आणि मग त्या युरोपात, रॉटरडॅम बंदरात दिसतील.

बुधवारी पैसे झाले. तिने त्याच संध्याकाळी सांगितलं.

जे फसलं

पहिली पद्धत अशी होती: दर तासाला प्रत्येक टेबलाने शेजारच्या टेबलाची एक पेटी उघडायची. कागदावर सुरेख. तिसऱ्या दिवशी टेबल चार आणि पाच यांच्यात कडाक्याचं भांडण झालं. दोन टेबलांवर दोन वेगवेगळ्या पाड्यांच्या बायका होत्या, आणि गावाकडचं जुनं काहीतरी त्या पेटीच्या निमित्ताने वर आलं. शेजारणीची चूक काढण्याचं काम कुणालाही दिलं, तर ती एकतर चूक झाकते किंवा उकरते. दुपारीच पद्धत बदलली. प्रत्येक टेबलाने आपलीच पेटी उघडायची, दर तासाला एक. सुपरवायझर दोन तासांतून एकदा प्रत्येक टेबलाची एकच पेटी पडताळणीला बघणार.

फळ्याचंही तेच झालं. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत तासागणिक उत्पादन लिहायचे फळे असतात, तसा फळा तिने लावला आणि त्यावर टेबलवार चुका लिहिल्या. दोन दिवसांत चुका जवळजवळ शून्य झाल्या, आणि तिसऱ्या दिवशी पडताळणीत त्या पेटीच्या तळाशी सापडल्या. आठ टेबलांसमोर आपलं नाव शेवटी लिहिलेलं कुणाला सोसतं? मग फळ्यावर फक्त चुकांचे प्रकार आणि लाईनचा एकूण आकडा राहिला. टेबलाची स्वतःची नोंद टेबलाखालच्या कार्डावर, तिथल्या चौघींपुरती. चूक ज्या हाताने केली त्या हाताला तासाभरात कळावी, बाकी कुणाला कळायची गरज नाही, एवढाच त्या नोंदीचा उपयोग.

भाषेचा अडथळा उशिरा लक्षात आला. लाईनवर "क्रॅक", "शॉर्ट बेरी", "पिंक बेरी" असे शब्द फिरत असतात. पेठ-सुरगाण्याकडच्या बायका आपसांत कोकणा ही आदिवासी बोली बोलतात. सूचना ऐकून मान हलवतात, कारण परत विचारणं कमीपणाचं वाटतं. "समजलं का?" या प्रश्नाला "हो" शिवाय उत्तर नसतं. त्याऐवजी रोज सकाळी एका पांढऱ्या ताटलीत पाच मणी ठेवले: चांगला, केसाएवढी चीर पडलेला, गुलाबी, बारीक, मेण पुसलेला. प्रत्येकीने हातात कात्री घेण्याआधी ती ताटली बघायची, आणि रोज एका बाईने बाकीच्यांना आपल्या बोलीत सांगायचं की यातला कुठला का काढायचा. चार मिनिटं लागतात. गुलाबी मणी शेवटच्या दोन टेबलांवरून सुटत होता, त्याचं कारणही याच ताटलीने दाखवलं: तिथे दिवा पिवळा होता. पिवळ्या उजेडात थॉम्पसन जातीच्या हिरव्या द्राक्षावरची गुलाबी झाक दिसत नाही. पांढरी ट्यूब लावली.

मावशी

टेबल सातवर एक वयस्क बाई होती, सगळ्यांची मावशी. सुपरवायझरला कात्री धरायला तिनेच शिकवलं होतं. कार्डांवर सर्वाधिक चिरा तिच्या टेबलाच्या, आणि त्या टेबलावर सगळ्यांना माहीत होतं कुणाच्या.

या जागी बहुतेक नवे सुपरवायझर दोनपैकी एक करतात. मान ठेवायचा म्हणून गप्प राहतात आणि टेबलाला चूक सोसायला लावतात, किंवा आपण कुणाला सोडत नाही हे दाखवायला सगळ्यांसमोर बोलतात. तिने दोन दिवस काहीच केलं नाही, आणि तो उशीर तिचा दोष म्हणूनच नोंदवायला हवा. मग जेवणाच्या सुटीत शेजारी बसून विचारलं, "मावशी, हा मणी तुम्हाला कसा दिसतो?" मावशींनी तो हातभर लांब धरून बघितला. तेवढ्याने कारण कळलं. चाळिशी उलटली की जवळचं अंधुक होतं, आपल्या भाषेत त्या चष्म्यालाच चाळिशी म्हणतात. दीड नंबरचा तयार चष्मा नाशिकच्या बाजारात सहज मिळतो. छत्तीस जणींना विचारल्यावर आणखी पाच जणींनी सुई ओवता येत नसल्याचं सांगितलं. सहा चष्मे आले.

चष्म्याने चिरा कमी झाल्या, वेग वाढला नाही. हात मंदच राहिला. तेव्हा तिने मावशींना नव्या मुलींना देठ धरायला शिकवायचं काम दिलं, दिवसातले पहिले दोन तास, सरासरी दराने. मन राखण्यासाठी दिलेलं बिनकामाचं पद लाईनवर एका दिवसात ओळखलं जातं. हे तसं नव्हतं, कारण त्या हंगामात दर आठवड्याला दोन-तीन नव्या मुली येत होत्या आणि त्यांना शिकवणारं कुणी नव्हतं.

टेबल दोनवरच्या मैत्रिणीचं मात्र सुटलं नाही. क्रेट आता नंबराच्या क्रमाने जाऊ लागले, चांगला माल आधी मिळायचा बंद झाला, आणि सहा वर्षं एका डब्यात जेवणारी ती मैत्रीण "ताई" म्हणू लागली. सुपरवायझरने काही दिवस जेवायला तिथेच बसायचा प्रयत्न केला, मग रोज वेगळ्या टेबलावर बसू लागली. हुद्दा बदलला की काही नाती जुन्या जागी राहत नाहीत. ती पुन्हा मिळवायला क्रेटचा क्रम मोडायचा नाही, एवढंच आपल्या हातात असतं.

लाल फडकं

प्रत्येक टेबलावर एक लाल फडकं दिलं होतं. क्रेट उन्हात राहून तापलेला असेल, ओला असेल, किंवा निम्मे घड तडा गेलेले असतील, तर फडकं वर करायचं आणि तो क्रेट बाजूला. पहिले नऊ दिवस एकदाही फडकं वर गेलं नाही. थांबलेल्या वेळेचे पैसे मिळणार हे सांगून झालं होतं, पण सांगणं आणि हातात पडणं यात फरक असतो.

दहाव्या दिवशी टेबल पाचवरच्या, तीन आठवड्यांपूर्वी आलेल्या मुलीने फडकं वर केलं. क्रेट ठीक होता. तिला मेण पुसलेला मणी चिरलेला वाटला. लाईन सहा मिनिटं थांबली. सुपरवायझरला पुढच्या दहा सेकंदांत जे बोलायचं होतं त्यावर त्या फडक्याचं भवितव्य होतं. ती म्हणाली, "बरं केलंस. दाखव." मग ताटलीतला मणी शेजारी ठेवून फरक दाखवला, आणि शनिवारी त्या टेबलाच्या हिशेबात सहा मिनिटांचे पैसे वेगळ्या ओळीत लिहून दिले. पुढच्या आठवड्यात फडकं सात वेळा वर गेलं. त्यातली पाच कारणं खरी होती, आणि त्यातली तीन एकाच गोष्टीची: ट्रॅक्टर आल्यावर क्रेट अर्धा तास उन्हात पडून राहतात. दाराशी हिरवं शेडनेट बांधलं.

सतराव्या दिवशी होळी होती. आदिवासी भागात हा वर्षाचा सण. बायका तीन-चार दिवस पाड्यावर जातात आणि पॅकहाऊसवाले दरवर्षी त्यावर चिडतात, जणू तारीख ऐनवेळी ठरली. तिने दहा दिवस आधी विचारलं, कोण कधी जाणार आणि कधी येणार. एकवीस जणी जाणार होत्या. पंधरा उरणार म्हणजे तीन टेबलं, म्हणजे दिवसाला पावणेचारशे पेट्या. ते तिने शेठना आणि शेठनी निर्यातदाराला आधीच कळवलं. खुडणीही तेवढीच ठरली. एकवीसपैकी एकोणीस जणी सांगितलेल्या दिवशी परत आल्या.

विसाव्या दिवसाच्या पडताळणीत एकशे साठ पनेटमध्ये आठ चुका होत्या. त्यातल्या चार वजनाच्या होत्या, आणि त्यांचं कारण अजून सापडलेलं नव्हतं.

एकविसाव्या दिवशी तिने रजा घेतली, मुलाच्या शाळेत जायचं होतं. लाईन टेबल आठवरच्या वजन करणारीकडे सोपवली आणि फोन बंद ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्यावर तिला न ओळखू येणाऱ्या अक्षरात एक ओळ दिसली: टेबल तीन, अकरा वाजून दहा, चौदा मिनिटं थांबलं, पंख्याच्या वाऱ्याने काटा हलतो, पंखा फिरवला.